पोर्शेचा विसावा विजय

(स्नेहमेळाव्याच्या दुसऱ्या दिवशी, डिसेंबर २०२५ मध्ये केलेले भाषण)



संयोजकांनी मला वीस मिनिटं दिली आहेत आणि एकच अट घातली आहे, की शाळेच्या आठवणी सांगायच्या नाहीत. त्या काल रात्री दीड वाजेपर्यंत सांगून झाल्या. तेव्हा मी मला ज्याचं वेड आहे त्या विषयावर बोलतो, मोटारींच्या शर्यतींवर. फॉर्म्युला वनबद्दल नाही, ते तुमच्या मुलांना माझ्याहून जास्त कळतं. मी बोलणार आहे चोवीस तास चालणाऱ्या एका शर्यतीबद्दल. फ्रान्समध्ये एक गाव आहे, लिहिलेलं वाचलं तर ‘ले मान्स’ आणि फ्रेंच माणसाने उच्चारलं तर ‘ल माँ’. तिथे १९२३ पासून ही शर्यत होते. माझा प्रश्न एवढाच आहे की पोर्शे ही जर्मन कंपनी तिथे पुन्हा जिंकेल का?

हा प्रश्न पडण्याचं कारण सांगतो. पोर्शे तिथे १९ वेळा जिंकली आहे. इतके विजय दुसऱ्या कुणाचेच नाहीत. ऑडीचे १३ आहेत, फेरारीचे १२. पोर्शेचा शेवटचा विजय २०१७ चा. विसाव्यासाठी तीन वर्षं धडपड चालली होती. यंदा जूनमध्ये तो अवघ्या १४ सेकंदांनी हुकला. आणि त्यानंतर चार महिने उलटायच्या आत कंपनीने जाहीर केलं, की पुढच्या हंगामापासून आम्ही जागतिक स्पर्धेच्या वरच्या गटात गाडी उतरवणार नाही.

हरल्यामुळे सोडलं असतं तर समजलं असतं. पण १४ सेकंद म्हणजे किती, ते बघा. गणिताचे सर समोर बसले आहेत म्हणून हिशेब नीट मांडतो. ल माँची एक फेरी १३.६२६ किलोमीटरची आहे. यंदा जिंकणाऱ्या फेरारीने चोवीस तासांत ३८७ फेऱ्या मारल्या, म्हणजे सव्वापाच हजार किलोमीटरच्या वर. पेट्रोल भरणं, टायर बदलणं, ड्रायव्हर बदलणं, सगळं धरून दर फेरीला सरासरी ३ मिनिटं ४३ सेकंद. आता १४ सेकंदांना ३८७ ने भागा. दर फेरीला साधारण चार शतांश सेकंद येतात. डोळ्याची पापणी लवायला याहून जास्त वेळ लागतो. त्यात ही पोर्शे, सहा नंबरची, पात्रता फेरीनंतर वजनात कमी भरली म्हणून तिची वेळ रद्द झाली होती आणि ती आपल्या गटात सगळ्यांच्या मागून, एकविसाव्या जागेवरून सुटली होती. एस्त्र, वांथोर आणि कॅम्पबेल या तिघांनी ती दुसरी आणली. मी ती शर्यत जवळजवळ सगळी पाहिली. आपल्याकडे ती शनिवारी संध्याकाळी साडेसातला सुरू होते, म्हणजे झोपेचं खोबरं नक्की.

यात मला इतका रस का, तर मी नोकरीची सगळी वर्षं गिअर मोडण्यात घालवली. चाचणीच्या यंत्रावर गिअर चढवायचा, तो मोडेपर्यंत फिरवायचा आणि कुठल्या दाताला तडा गेला ते भिंगातून बघायचं. लोकांना वाटतं गाडी वेगाने पळवणं अवघड. वेगाने पळवणं सोपं आहे. ती न मोडता पळवणं अवघड. ल माँ ही माझ्या दृष्टीने जगातली सगळ्यात मोठी उघड्यावरची चाचणी आहे, आणि पोर्शे तिथे १९ वेळा जिंकली ती न मोडण्यात वस्ताद असल्यामुळे.

सुरुवात मात्र पराभवापासून झाली. १९६९ साली हान्स हेरमानची पोर्शे आणि जॅकी इक्सची फोर्ड शेवटच्या तासात एकमेकींना मागे टाकत होत्या. चोवीस तासांनंतर फोर्ड सुमारे १२० मीटरने पुढे राहिली. त्याच वर्षी पोर्शेने ९१७ नावाची गाडी काढली होती. नियम असा होता की शर्यतीत उतरवायची तर त्या जातीच्या २५ गाड्या बांधून दाखवा. म्हणजे आपल्याकडच्या आरटीओ पासिंगसारखंच, फक्त २५ गाड्यांचं. फर्डिनांड पीश नावाचा तिशीतला इंजिनिअर, पोर्शे घराण्याचा नातू, या कामाचा प्रमुख होता. अधिकारी आले तेव्हा बहुतेक गाड्या अजून पुऱ्या जोडलेल्या नव्हत्या. ते म्हणाले, जोडून दाखवा. मग कारखान्यात ज्यांना हात होते त्या सगळ्यांना कामाला लावलं. ऑफिसातल्या मंडळींनीही पाने हातात घेतले असं सांगतात. एप्रिलमध्ये २५ गाड्या ओळीने उभ्या केल्या, आणि पीशने अधिकाऱ्यांना सांगितलं, हवी ती निवडा आणि चालवून बघा. कुणी चालवून बघितली नाही. बरंच झालं म्हणायचं.

१९७० मध्ये याच ९१७ ने पहिला विजय मिळवला. पाऊस इतका की शेवटी केवळ सात गाड्यांचा निकाल लागला. चालक होते तोच हेरमान आणि रिचर्ड ॲटवुड. हेरमानने बायकोला शब्द दिला होता की ल माँ जिंकलो तर शर्यती सोडीन. जिंकला आणि सोडल्या. पुढच्याच वर्षी दुसऱ्या ९१७ ने ५३३५ किलोमीटर अंतर कापलं, आणि तो विक्रम २०१० पर्यंत कुणाला मोडता आला नाही.

पण माझी सगळ्यात आवडती शर्यत १९७७ ची. जॅकी इक्सची स्वतःची गाडी सुरुवातीलाच बंद पडली. त्याला कंपनीच्या दुसऱ्या गाडीत बसवलं. ती बार्थ आणि हेवूडची ९३६, आणि ती चाळिसाव्या जागेच्याही मागे गेलेली. इक्सने रात्रभर, पावसात, ती अशी चालवली की सकाळपर्यंत गाडी पहिल्या नंबरवर. मग शेवटच्या तासात एक पिस्टन गेला. मेकॅनिकनी गाडी पिटमध्ये घेतली, तो सिलिंडर बंद करून टाकला आणि गाडी तशीच उभी ठेवली. कारण जिंकायचं तर शेवटची रेषा गाडीने स्वतःच्या चाकांवर ओलांडावी लागते, नुसतं पुढे असून भागत नाही. वेळ संपत आली तेव्हा बार्थने सहापैकी पाच सिलिंडरवर, धूर काढत, शेवटच्या दोन फेऱ्या हळूहळू पुऱ्या केल्या आणि पोर्शे जिंकली. मी हे आमच्या कारखान्यातल्या नव्या मुलांना दरवर्षी सांगायचो. मोडलेला भाग कसा वेगळा करायचा आणि उरलेलं कसं चालू ठेवायचं, हे पुस्तकात फारसं मिळत नाही.

नंतरची यादी भरभर सांगतो. १९८१ ते १९८७ सलग सात विजय. १९८२ मध्ये नवी ९५६ उतरली आणि १, २, ३ नंबरच्या गाड्या त्याच क्रमाने पहिली, दुसरी, तिसरी आल्या. १९८३ मध्ये पहिल्या दहांत नऊ पोर्शे. त्या काळी पेट्रोलवर मर्यादा होती, टाकी १०० लिटरची आणि भरण्याच्या खेपा मोजून दिलेल्या, म्हणून कमी पेट्रोलात वेग काढणारं इंजिन हवं होतं. पोर्शेला तेच शिकायचं होतं. क्लचच्या पायाशिवाय गिअर बदलणारा दोन क्लचचा गिअरबॉक्स त्यांनी याच गाड्यांवर शर्यतीत तपासला. आज तुमच्यापैकी ज्यांच्याकडे डीसीटी किंवा डीएसजी लिहिलेली गाडी आहे, त्यांच्या पायाखाली त्याच जातीचं यंत्र आहे. उन्हाळ्यात घाटात ट्रॅफिकमध्ये ते तापतं हा भाग वेगळा.

मग १९९८ चा विजय, आणि पोर्शे वरच्या गटातून गेली ती थेट २०१४ मध्ये परतली. का गेली? पैसे दुसरीकडे हवे होते. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला ही कंपनी बुडायला आली होती. कारखान्याची शिस्त लावायला त्यांनी जपानी सल्लागार आणले, टोयोटाच्या पद्धतीत मुरलेले. जपान्यांनी मांडणीतले रॅक कापायला लावले, माल साठवायचा नाही म्हणून. सावरल्यावर कंपनीने कायेन नावाची मोठी जीप काढायचं ठरवलं. शर्यतीसाठी बनवत आणलेली एक गाडी बासनात गेली आणि तिचं दहा सिलिंडरचं इंजिन पुढे कॅरेरा जीटी या रस्त्यावरच्या गाडीत बसलं.

२०१४ ला परत आले ते कारण घेऊनच. नियमांनी हायब्रिडला मोकळं रान दिलं होतं. पोर्शेने दोन लिटरचं चार सिलिंडरचं छोटं टर्बो इंजिन घेतलं आणि त्याच्या जोडीला ८०० व्होल्टची विजेची यंत्रणा बसवली. दुसऱ्याच वर्षी जिंकले. तिसऱ्या वर्षी, २०१६ मध्ये, टोयोटा पुढे होती, शर्यत संपायला सुमारे तीन मिनिटं होती, आणि तिची ताकदच गेली. मागून आलेली पोर्शे जिंकली. ज्यांच्या माणसांकडून काम शिकले त्यांच्याच हातातून विजय गेला. मी पोर्शेवाला, पण त्या दिवशी टोयोटाच्या पिटमधले चेहरे बघवत नव्हते.

२०१७ मध्ये विजेत्या पोर्शेची पुढच्या चाकांची मोटर पहिल्याच संध्याकाळी गेली. गाडी तासाभराहून जास्त वेळ पिटमध्ये होती. बाहेर आली तेव्हा साठ गाड्यांत छप्पन्नावी. दुसऱ्या दिवशी दुपारी, शर्यत संपायला तासाभराहून थोडा जास्त वेळ असताना, तिने खालच्या गटातल्या एका गाडीला मागे टाकून पहिली जागा घेतली, कारण वरच्या गटातल्या इतर सगळ्या एकेक करून मोडल्या होत्या किंवा रखडल्या होत्या. पोर्शेचीच दुसरी गाडी त्या सकाळपर्यंत पहिली होती. तिच्या इंजिनाने ऑइलचा दाब सोडला. त्या वर्षाअखेर कंपनी पुन्हा बाहेर पडली. ती ८०० व्होल्टची यंत्रणा मात्र पुढे टायकान या विजेवरच्या गाडीत आली आणि आता बऱ्याच कंपन्या त्याच वाटेने चालल्या आहेत.

एवढा इतिहास सांगण्याचं कारण आता येतं. पोर्शे जेव्हा जेव्हा वरच्या गटात जोराने उतरली तेव्हा तिला तिथून काहीतरी घरी न्यायचं होतं. १९८२ ला कमी पेट्रोल आणि गिअरबॉक्स, २०१४ ला वीज. ज्या वेळी न्यायला काही उरलं नाही किंवा तिजोरी आटली, त्या वेळी ती गेली. आता २०२३ ला आलेल्या ९६३ या गाडीकडे बघा.

हल्ली वरच्या गटात दोन प्रकारच्या गाड्या चालतात. एका प्रकारात कंपनी सगळी गाडी स्वतः बनवते, पुढच्या चाकांना विजेची मोटरही देऊ शकते. फेरारी आणि टोयोटा त्यातल्या. दुसऱ्या प्रकारात सांगाडा ठरवून दिलेल्या चार बनवणाऱ्यांपैकी एकाकडून घ्यायचा, आणि मागच्या चाकांची हायब्रिड मोटर, बॅटरी, गिअरबॉक्स सगळ्यांना एकाच ठरलेल्या पुरवठादारांचे. पोर्शेने हा दुसरा मार्ग घेतला, कारण तो स्वस्त आणि तीच गाडी अमेरिकेतल्या स्पर्धेतही चालते. इंजिन त्यांचं, ४.६ लिटरचं व्ही एट. पण हायब्रिड मोटर, बॅटरी आणि गिअरबॉक्स बीएमडब्ल्यूच्या आणि कॅडिलॅकच्या गाडीत आहेत तेच. मी गिअरबॉक्सचा माणूस. जो गिअरबॉक्स शेजाऱ्याच्या गाडीतही तोच, त्यातून मी काय शिकणार?

दुसरी गोष्ट वजनाची. महालक्ष्मीच्या किंवा पुण्याच्या रेसकोर्सवर गेला असाल तर माहीत असेल, हँडिकॅप शर्यतीत चांगल्या घोड्यावर जास्त वजन लादतात. म्हणजे सगळे घोडे शेवटी जवळजवळ यावेत. इथेही तेच चालतं. गाडीचं किमान वजन १०३० किलो, आणि त्यावर कुणाला किती वाढवायचं, कुणाच्या इंजिनाची ताकद किती कापायची, हे संयोजक ठरवतात. संघांनी याबद्दल जाहीर कुरकुर करायलाही नियमाने बंदी आहे. या पद्धतीमुळे आठ-आठ कंपन्या येतात, शर्यत रंगते, प्रेक्षक वाढले आहेत, हे सगळं खरं. मला स्वतःला बघायला मजा येते. पण कंपनीच्या संचालकांच्या जागी बसून बघा. तुमच्या इंजिनिअरांनी हिवाळाभर खपून गाडी अर्धा सेकंद वेगवान केली, तर बक्षीस म्हणून काही किलो वजन मिळण्याचीच शक्यता. हरलात तर तुमची नामुष्की, आणि जिंकलात तर शेजारचा म्हणतो, तुमचं वजन कमी होतं.

तरीही ९६३ वाईट गाडी नाही, हे ठासून सांगतो. रॉजर पेन्स्के यांचा संघ ती चालवतो. या पेन्स्केंनी अमेरिकेतली इंडियानापोलिसची ५०० मैलांची शर्यत २० वेळा जिंकली आहे, पण ल माँचा पहिला क्रमांक त्यांना अजून मिळालेला नाही. २०२४ ची चालकांची जागतिक स्पर्धा ९६३ ने जिंकली. डेटोनाची चोवीस तासांची शर्यत २०२४ आणि २०२५ अशी लागोपाठ जिंकली. सेब्रिंगच्या बारा तासांत यंदा पहिली आणि दुसरी. म्हणजे गाडी टिकते, पळते, माणसं पक्की आहेत. ल माँला मात्र तिन्ही वर्षं फेरारी. फेरारी १९७३ नंतर वरच्या गटात नव्हतीच. ५० वर्षांनी आली आणि आल्या वर्षी जिंकली.

मग पोर्शे गेली का? तिजोरी. चीनमध्ये २०२१ साली तिच्या ९५ हजारांहून जास्त गाड्या विकल्या गेल्या होत्या, २०२४ ला ५७ हजारांच्या आसपास. अमेरिकेने आयात कर वाढवला, आणि तिचा अमेरिकेत एकही कारखाना नाही. विजेच्या गाड्यांचे बेत मागे घेण्याचा खर्च वेगळाच. २०२५ च्या पहिल्या नऊ महिन्यांत कामकाजातला नफा ४ कोटी युरो राहिला. आदल्या वर्षी त्याच काळात तो ४०० कोटींच्या वर होता. आपल्या बॅचमधला एक जण श्टुटगार्टजवळ राहतो. तो काल सांगत होता की तिथे घराघरात आता नोकऱ्यांचीच चर्चा आहे. कामगार कमी करणाऱ्या कंपनीने त्याच वर्षी शर्यतीवर पैसे उडवले तर कामगाराला काय वाटेल? हा प्रश्न मी टाळू शकत नाही. मी शर्यतवेडा आहे, पण मी युनियनच्या बैठकांच्या दोन्ही बाजूंना बसलेलो आहे.

आता तुमचा प्रश्न, जिंकेल का? माझं मत सांगतो. पुढच्या वर्षी नाही, कारण शर्यतीत उतरल्याशिवाय कुणी जिंकत नाही. तिसऱ्यांदा परतेल का, तर परतेल. १९९८ नंतर सोळा वर्षं लागली, २०१७ नंतर सहाच. परतल्यावर दोन-तीन वर्षांत जिंकण्याची ताकद या लोकांत आहे. २०१४ ला येऊन २०१५ ला जिंकून दाखवलं आहे. पण याच नियमांत, याच मागवलेल्या भागांच्या गाडीने परत आली तर माझा पैसा मी लावणार नाही. हायड्रोजन असो, नव्या जातीचं इंधन असो, किंवा सगळी गाडी स्वतः बांधण्याची मुभा घेऊन असो, त्यांना तिथून काही शिकून घरी न्यायचं असेल तर विसावा विजय मी आताच लिहून देतो. नुसती जाहिरात करायची असेल तर दर फेरीला चार शतांश सेकंद पुन्हा कमी पडतील.

काल जेवताना एकीने विचारलं, यात आपला कुणी नाही का? आहे. करुण चांडोक २०१२ मध्ये ल माँला धावणारा पहिला भारतीय झाला आणि त्याची गाडी सहावी आली. चोवीस तास, पहिलाच प्रयत्न, आणि सहावा. आपल्या वर्तमानपत्रांत त्याला क्रिकेटच्या खाली किती ओळी मिळाल्या, ते न बोललेलं बरं.

अमेरिकेत ९६३ चालूच राहणार आहे. डेटोनाची शर्यत जानेवारीच्या अखेरीस आहे. आपल्याकडे शनिवारी मध्यरात्रीनंतर लगेच सुरू होते. ज्यांना बघायची असेल त्यांनी मला आज दुपारपर्यंत नंबर द्या, मी ग्रुप करतो. पहाटे चारला जागं राहायची तयारी असेल तरच द्या. आणि सर, पापणी लवायला नेमका किती वेळ लागतो असं तुम्ही आता विचारणार, ते मला दिसतं आहे. दशांश ते चार दशांश सेकंद, मी बघून आलो आहे. बाकी प्रश्न जेवणाच्या रांगेत घेतो.